हिवाळ्यातली कोशिंबीर चमचाभर नको, वाटीभर वाढा!

डिसेंबर उजाडला की भाजीच्या हातगाडीचा रंगच बदलतो. पानांसकट पांढरेशुभ्र मुळे, लालचुटुक गाजरं, मेथीच्या जुड्या, कांद्याची पात, कोवळा मटार, ओला हरभरा, बीट, नवलकोल, मध्येच आवळ्यांचा ढीग आणि एका कोपऱ्यात मातीने माखलेली ओली हळद. मुंबई-पुण्यात, नागपूर-इंदूरला हेच चित्र. दिल्लीत तर याहून घसघशीत. आपण पिशव्या भरभरून घरी आणतो आणि मग काय करतो? गाजराचा हलवा, मेथीचे पराठे, मटार-पनीर, उंधियू, भोगीची भाजी. सगळं झकास, त्याबद्दल तक्रार नाहीच. पण यातल्या बऱ्याचशा भाज्या वर्षातल्या ज्या दोन-तीन महिन्यांत कच्च्या खायला सर्वांत छान लागतात, नेमक्या त्याच दिवसांत आपण त्या शिजवत बसतो.

आणि कच्चं म्हणून ताटात काय येतं? काकडी-टोमॅटो-कांद्याच्या चार चकत्या, त्याही जेवण संपेपर्यंत तशाच पडून राहिलेल्या. नाहीतर डाव्या बाजूला लोणच्याशेजारी चमचाभर कोशिंबीर, एका घासात संपणारी.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या व्यक्तीसाठी पालेभाज्या धरून सुमारे ४०० ग्रॅम भाज्या सुचवल्या आहेत. आता तुमच्या घरात दोन वेळची भाजी चौघांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला किती येते, ते एकदा आठवून पाहा. उरलेली भर घालायला कोशिंबिरीइतका सोपा आणि स्वस्त मार्ग दुसरा नाही. फक्त ती चमचाभर नको, वाटीभर हवी.

या लेखात तुम्हाला लेट्यूस, ऑलिव्ह ऑइल किंवा महागड्या बाटलीतलं ड्रेसिंग सापडणार नाही. त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण हिवाळ्यात भाजीलाच इतकी चव असते की तिच्यावर काही ओतून ती लपवायची गरज पडत नाही. शिवाय आपल्याकडे कोशिंबीर आहे, पचडी आहे, घोळाणा आहे, रायतं आहे. सॅलडचे एवढे प्रकार घरात असताना उधारी कशाला?

थंडीत भाजी गोड का लागते?

हा नुसता मनाचा खेळ नाही. थंडी वाढली की गाजरासारख्या मुळांमध्ये साखरेचं प्रमाण वाढतं, म्हणून जानेवारीतलं गाजर मे महिन्यातल्या गाजरापेक्षा गोड लागतं. मुळ्याचं उलट आहे. उन्हाळ्यातला मुळा नाकात झिणझिण्या आणतो, तर थंडीतला सौम्य आणि रसाळ असतो. मटाराची वेगळीच गंमत आहे. शेंग तोडल्या क्षणापासून त्याच्यातली साखर पिठूळपणाकडे झुकायला लागते. त्यामुळे आज आणलेला मटार आजच कच्चा खाऊन बघा आणि उरलेला चार दिवसांनी खा. फरक सांगावा लागणार नाही.

उत्तरेकडून येणारी लाल गाजरं आणि वर्षभर मिळणारी केशरी गाजरं हीसुद्धा एक नव्हेत. लाल गाजराला रंग येतो तो लायकोपीनमुळे, तेच टोमॅटोत असतं. केशरी गाजरात बीटा-कॅरोटीन जास्त असतं, त्याचं आपल्या शरीरात अ जीवनसत्त्व बनतं. कोशिंबिरीला दोन्ही चालतात. लाल गाजर जास्त रसाळ असतं, केशरी जरा कुरकुरीत राहतं. चेन्नई किंवा बंगळुरूला राहत असाल तर उटीची केशरी गाजरं आहेतच, हिवाळा असो वा नसो.

बीटा-कॅरोटीन अंगी लागायला थोडं तेल-तूप लागतं. म्हणजे कोशिंबिरीवर आजी जी हिंग-मोहरीची फोडणी ओतायची, ती फक्त वासासाठी नव्हती म्हणा. आणि लिंबाचंही तसंच. क जीवनसत्त्वामुळे पालेभाज्या आणि डाळींमधलं लोह शरीराला घेता येतं. मात्र जेवल्या जेवल्या कडक चहा घेतलात तर त्यात अडथळा येतो. चहा तासभर पुढे ढकला, एवढंच.

आधी धुणं, मग चिरणं

कच्चं खायचं म्हटलं की धुण्याचं काम सर्वांत महत्त्वाचं. रेसिपीच्या व्हिडिओत नेमकं हेच दाखवत नाहीत, कारण ते बघायला कंटाळवाणं असतं!

कोबी आणि पालेभाज्यांच्या बाबतीत हे हसण्यावारी नेऊ नका. कोबीत किडा असतो आणि तो मेंदूत जातो, असं आपण ऐकलेलं असतं. खरी गोष्ट थोडी वेगळी आहे. शेतातली माती किंवा पाणी माणसाच्या विष्ठेने दूषित झालेलं असेल, तर पट्टकृमीची अंडी भाजीला चिकटून येऊ शकतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. पोटात गेली तर त्यांच्यातून निघालेल्या अळ्या मेंदूपर्यंत पोहोचून फिट येण्याचं कारण ठरू शकतात. हे मातीतून येतं, त्यामुळे दोष एकट्या कोबीचा नाही. मुळा, गाजर, मेथी, कोथिंबीर सगळ्यांनाच हा नियम लागू.

करायचं काय? कोबीची वरची दोन-तीन पानं काढून टाका. आतली पानं सुटी करा आणि एकेक पान वाहत्या नळाखाली बोटांनी चोळून धुवा. मुळा-गाजर आधी ब्रशने घासून घ्या, मग साल काढा आणि पुन्हा धुवा. मेथी-कोथिंबीर मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन बुडवा, हलवा आणि वर उचलून दुसऱ्या भांड्यात घ्या. पातेलं चाळणीत उपडं करू नका, नाहीतर तळाला बसलेली माती पुन्हा पानांवर. असं तीन-चार वेळा, तळाशी माती दिसेनाशी होईपर्यंत. मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवलं म्हणजे काम झालं, असं समजू नका. चोळून धुणं हेच मुख्य. साबण आणि भांड्यांचं लिक्विड तर अजिबात नको. भाजी ते शोषून घेऊ शकते.

घरात कोणी गरोदर असेल, खूप लहान मूल असेल, किंवा एखाद्या आजारामुळे प्रतिकारशक्ती कमी झाली असेल, तर त्यांची वाटी वेगळी करा आणि भाजी वाफवून घ्या. मोड आलेली कडधान्यंसुद्धा त्यांना कच्ची देऊ नका. आणि हो, ओला हरभरा आणि कोवळा मटार कच्चा चालतो म्हणून पावटा, वाल आणि घेवडा कच्चे टाकू नका. ते नीट शिजवूनच खायचे.

धुऊन झालं की सुती पंचावर पसरून पंख्याखाली पंधरा मिनिटं सुकू द्या. ओल्या पानांची कोशिंबीर कधीच चांगली होत नाही. दही पातळ होतं, कूट चिकट होतं आणि मीठ-लिंबू सगळं खाली जाऊन बसतं.

मिठाची वेळ

कोशिंबीर बिघडते ती जवळजवळ नेहमी मिठामुळे. जास्त पडलं म्हणून नाही, लवकर पडलं म्हणून. मीठ लागलं की चिरलेली भाजी पाणी सोडायला लागते आणि दहा-पंधरा मिनिटांत वाटीच्या तळाशी तळं साचतं. म्हणून चिरणं, किसणं, फोडणी, कूट सगळं आधी तयार ठेवा. दही, लिंबू आणि मीठ मात्र पानं घेतल्यावर. आपल्याकडे "पानं घेतली रे" अशी हाक मारली की दहा मिनिटं कोणी येतच नाही, तेव्हा हाकेनंतरचीही पाच मिनिटं थांबलात तरी चालेल.

दाण्याचं कूट चवीसाठी घालतो तसंच ते सुटणारं पाणी धरूनही ठेवतं. भिजवलेली मूगडाळही हेच करते.

मुळा: ज्याला उगाच नाकं मुरडली जातात

मुळ्याचा तिखटपणा सालीत जास्त असतो. घरात मुळा न खाणारे असतील तर साल जरा जाडसर काढा. मग किसा. किसल्यावर बरेच जण तो घट्ट पिळून पाणी फेकून देतात. पिळायचाच असेल तर हलक्या हाताने पिळा आणि ते पाणी थालीपिठाच्या किंवा पराठ्याच्या पिठात वापरा.

चौघांसाठी दोन मध्यम मुळे घ्या. त्यांचीच कोवळी पानं बारीक चिरून मूठभर, तासभर भिजवलेली मूगडाळ पाव वाटी, एक हिरवी मिरची आणि भरपूर कोथिंबीर. दोन चमचे तेलात मोहरी, जिरं आणि हिंगाची फोडणी करा. हिंगात काटकसर करू नका. फोडणी निवली की ओता आणि वाढताना एक वाटी घट्ट दही, मीठ आणि चिमूटभर साखर. दही नको असेल तर अर्धं लिंबू. मूगडाळ कच्ची चावायला टणक वाटत असेल तर दोन तास भिजवा.

कर्नाटकातली कोसंबरी याच्या अगदी जवळची. भिजवलेली मूगडाळ, किसलेलं गाजर किंवा काकडी, ओलं खोबरं, लिंबू आणि वरून फोडणी. नावंसुद्धा एका घरातली वाटतात. काश्मिरात मुळा आणि अक्रोड दह्यात कालवून चटणी करतात. कुमाऊंच्या डोंगरात तर थंडीच्या उन्हात बसून खायचा एक प्रकार आहे. मोठ्या पहाडी लिंबाच्या फोडी, मुळ्याच्या काड्या, दही, गूळ आणि भाजून वाटलेल्या भांगेच्या बिया असं सगळं हाताने कालवलेलं. बिया म्हटल्यावर दचकू नका, त्यांनी नशा होत नाही. त्या तिकडे मसाल्यासारख्या सर्रास वापरतात. आपल्याकडे त्या नाहीत, पण भाजलेल्या तिळाचं कूट, संत्र्याच्या फोडी आणि लिंबाचा रस घालून तीच धाटणी जमते. मी संत्रं-मुळा-तीळ असं करून बघितलं आणि मैत्रिणीने मुळा आहे हे कळेपर्यंत दोन वाट्या संपवल्या.

हंगाम संपत आला की फेब्रुवारीकडे मुळ्याच्या शेंगा, म्हणजे डिंगऱ्या येतात. कोवळ्या असतील तर बारीक चिरून याच कोशिंबिरीत घाला.

मेथीचा घोळाणा

खानदेशात आणि मराठवाड्यात वाढलेल्यांना हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. कच्ची मेथी खाता येते आणि ती कडू लागत नाही, फक्त कोवळी हवी. छोट्या पानांची कोवळी जुडी मिळाली तर सोनंच. एक जुडी निवडून, धुऊन, पूर्ण सुकवून बारीक चिरा. त्यात कांद्याची पात किंवा एक कांदा, एक टोमॅटो, दोन-तीन चमचे जाडसर दाण्याचं कूट, लाल तिखट, मीठ आणि वरून कच्चं शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल. फोडणी नाही, गॅस नाही. हाताने हलकेच कालवा. पिठलं-भाकरीबरोबर किंवा गरम खिचडीबरोबर वाढा.

कडवटपणाची धास्ती असेल तर पहिल्या वेळी निम्मी मेथी आणि निम्मी पात घ्या. हाच घोळाणा नुसत्या पातीचा किंवा करडईच्या कोवळ्या पानांचाही होतो.

गाजर, मटार आणि ओला हरभरा

गाजराची कोशिंबीर सगळ्यांना येते, म्हणून तीच वाटीभर खाण्याजोगी कशी करायची तेवढं सांगते. किसणीच्या बारीक बाजूने किसलेल्या गाजराचा लगदा होतो. जाड बाजूने किसा. तीन मोठी गाजरं, एका संत्र्याच्या सोललेल्या फोडी, मूठभर कोवळे मटार, दोन चमचे भाजलेले तीळ, कोथिंबीर आणि अर्ध्या लिंबाचा रस. वर मोहरी, हिंग आणि मिरचीची फोडणी. साखर घालू नका, गाजर आणि संत्रं आपलं काम करतात. गाजर जून असेल आणि मधला दांडा पिवळा, कडक लागत असेल तर तो काढून टाका.

ओल्या हरभऱ्याला दिल्लीकडे छोलिया म्हणतात, काही ठिकाणी बूट. सोलायला वेळ लागतो हे खरं, पण टीव्हीसमोर बसून सगळ्यांनी मिळून सोलला तर वाटीभर निघतो. निम्मा तर सोलतानाच तोंडात जातो. उरलेल्यात पेरूचे तुकडे, डाळिंबाचे दाणे, पात, काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि लिंबू. शाळेतून आलेल्या मुलांपुढे हे ठेवा आणि "सॅलड" हा शब्द तोंडातून काढू नका. भेळ म्हणा.

कोबी आणि नवलकोल

कोबी जितका बारीक, तितकी पचडी चांगली. विळी असेल तर उत्तम, नाहीतर धारदार सुरी. किसू नका. पाव किलो कोबीला एक हिरवी मिरची, दोन चमचे ओलं खोबरं, एक किसलेला आवळा आणि हिंग-मोहरीची फोडणी. आवळा आहे म्हणजे लिंबू नको. आवळ्यात क जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते शिजवल्यावर बरंच कमी होतं, म्हणून कच्चा किसून घालणं केव्हाही चांगलं.

कच्चा कोबी पचायला जड जातो अशी ज्यांची तक्रार असते, त्यांनी गुजरातचा संभारो करावा. बडोद्याच्या मराठी घरांत तो पाहुणा राहिलेलाच नाही. कढईत तेल तापवून मोहरी, हिंग, हळद आणि उभी चिरलेली मिरची घाला. त्यावर उभा चिरलेला कोबी आणि गाजर मोठ्या आचेवर दोन मिनिटं परता. भाजी मऊ व्हायच्या आत गॅस बंद.

नवलकोलाचं जाड साल निघालं की आतला गर पेरूसारखा कुरकुरीत असतो. हिंदी भागात तो गांठगोभी नावाने मिळतो, बंगळुरूत नविलुकोसु. काड्या करा आणि लिंबू, मीठ, तिखट लावा. एवढंच. ज्या भाजीची आपण फक्त रस्सा भाजी करतो, ती अशी खाल्ली की पुढच्या वेळी दोन जास्त आणाल.

बीटाबद्दल एकच गोष्ट. दुसऱ्या दिवशी लघवी गुलाबी दिसली तर घाबरून डॉक्टरकडे धावण्याआधी आदल्या दिवशी काय खाल्लं ते आठवा. काही जणांना बीटाने तसं होतं आणि ते निरुपद्रवी असतं. बीट सालासकट वाफवा, मग सोला, म्हणजे रंग पाण्यात जात नाही. दह्यात कालवलं की जो गुलाबी रंग येतो, त्यावर लहान मुलं भाळतात.

ओली हळद आणि आंबेहळद हे वाटीभर खायचे पदार्थ नव्हेत. पातळ चकत्या, लिंबू आणि मीठ घालून बरणीत ठेवा. दोन-तीन दिवसांत मुरतात आणि आठवडाभर फ्रीजमध्ये टिकतात. चिरताना हाताला तेल लावा, नाहीतर बोटं चार दिवस पिवळी.

ज्यांना चावता येत नाही त्यांची वाटी

घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या ताटातून कोशिंबीर कधी नाहीशी होते, ते कोणाच्या लक्षातही येत नाही. कोणी ठरवून बंद करत नाही. दात पडतात, कवळी बसते, कच्चं गाजर चावत नाही. दोन वेळा त्या "नको गं, पोट भरलं" म्हणतात आणि तिसऱ्या वेळी आपण विचारत नाही. मग उरतं काय? मऊ भात, वरण, दुधात कुस्करलेली पोळी. पोट भरतं, पण भाजी जवळजवळ संपलेली असते. त्यातून बद्धकोष्ठतेची तक्रार, आणि त्यावर आणखी एक गोळी.

मघाशी सांगितलेला मिठाचा नियम इथे उलटा करा. आमच्याकडे आजीची वाटी सगळ्यांच्या आधी कालवतात. गाजर किंवा काकडी किसणीच्या बारीक बाजूने किसायची, लगेच मीठ लावायचं आणि पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं. भाजी पाणी सोडते आणि मऊ पडते. त्याच पाण्यात दही कालवायचं. जे आपल्याला नको असतं, तेच त्यांना हवं असतं. दाण्याचं कूट चाळून बारीक घ्या आणि तीळ अख्खे नको. कवळीखाली एक तीळ अडकला तरी जेवण तिथेच थांबतं. बीट किंवा गाजर वाफवून, कुस्करून, दह्यात आल्याचा रस घालून दिलं तरी छान लागतं.

"थंडीत दही-कोशिंबीर खाऊन कफ होईल" असं त्या म्हणतील. त्यावर वाद घालू नका. दुपारच्या जेवणात द्या, दही फ्रीजमधून तासभर आधी काढा आणि फोडणी कोमट असतानाच घाला. रात्री नको म्हणाल्या तर रात्री नको.

रक्त पातळ करणारी वॉरफेरीनसारखी गोळी चालू असेल तर पालेभाज्यांचं प्रमाण एकदम वाढवू नका, डॉक्टरांना विचारा. किडनीचा आजार असेल तर कोणत्या भाज्या किती, हे आहारतज्ज्ञच सांगतील. अंदाज नको.

पीजीत गॅस नाही? मग तर हेच करा

नोकरीसाठी गुरुग्राम, हैदराबाद, बंगळुरूला एकटं राहणाऱ्या माझ्यासारख्यांची गोष्ट वेगळी. खोलीत इंडक्शन ठेवायला परवानगी नसते आणि मेसच्या भाजीत बटाटा सोडून दुसरं काही शोधावं लागतं. अशा वेळी एक सुरी, एक किसणी आणि एक मोठा स्टीलचा वाडगा हे तुमचं स्वयंपाकघर.

आणि घरून येताना आणलेल्या कोरड्या चटण्या. सोलापुरी शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची, तिळाची. या सगळ्या म्हणजे आपली तयार ड्रेसिंग आहेत, फक्त आपण त्यांच्याकडे तसं बघत नाही. दोन चमचे चटणी, एक चमचा कच्चं तेल, अर्धं लिंबू आणि समोर येईल ती चिरलेली भाजी. कारळ्याची चटणी आणि काकडी-मुळा, जवसाची आणि गाजर, दाण्याची आणि कोबी अशा जोड्या छान जमतात. मेतकूट दह्यात कालवून त्यात पात आणि टोमॅटो घातला की पोळीबरोबर खायची सोय झाली. मणिपूरचं सिंग्जू आठवा. बारीक चिरलेला कोबी, कमळकाकडी आणि त्यावर भाजलेल्या बेसनाची किंवा भाजलेल्या बियांची पूड, बऱ्याचदा आंबवलेल्या माशासकट. आपलं कूट इकडे जे काम करतं, तेच ती पूड तिकडे करते. ईशान्येकडची सहकारी असेल तर तिला करायला सांगा आणि बदल्यात घोळाणा खाऊ घाला.

फोडणीची हौस असेल तर सुट्टीत घरी गेल्यावर तेलात मोहरी, हिंग आणि सुकी लाल मिरची घालून ती पूर्ण गार करून काचेच्या कोरड्या बाटलीत भरून आणा. लसूण आणि कढीपत्ता त्यात नको. ओलसर पदार्थ तेलात टिकत नाहीत, आणि लसूण घातलेलं तेल बाहेर ठेवणं धोक्याचं असतं.

ऑफिसच्या डब्यात न्यायची असेल तर गाजर, कोबी, नवलकोल, मटार, हरभरा एका डब्यात कोरडे भरा. टोमॅटो आणि काकडी खाताना चिरा. मीठ, लिंबू आणि चटणीची छोटी डबी वेगळी. सकाळी चिरलेली भाजी ऑफिसच्या फ्रीजमध्ये ठेवता आली तर उत्तम. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहणार असेल तर गाजर-मुळा अख्खेच न्या आणि तिथे चिरा. दह्याची कोशिंबीर मात्र डब्यात नेऊच नका. जेवणापर्यंत आंबट आणि पातळ झालेली असते.

आणि इतकं करूनही उरलीच तर? दह्याची नसेल तर त्यात ज्वारीचं आणि बेसनाचं पीठ, ओवा आणि थोडं तिखट घालून संध्याकाळी थालीपीठ लावा. पाणी घालावं लागत नाही, भाजीने सोडलेलं पुरतं. दह्याची असेल तर त्यात रवा भिजवून अर्ध्या तासाने घावन काढा. मेथीचा उरलेला घोळाणा मात्र थालीपिठातच घाला, आणि तवा झाकायला विसरू नका.